मांडव कोणी घातला?



ही स्मृतिव्याख्यानमाला आहे, म्हणून आज मी स्मृतीबद्दलच बोलणार आहे. पण एका माणसाच्या नव्हे. हजारो माणसं एकत्र येतात, अन्यायाला तोंडावर ‘नाही’ म्हणतात, मार खातात, कधी जिंकतात, पुष्कळदा हरतात आणि आपापल्या घरी जातात. त्याची आठवण राखायची कशी? पुतळ्याने? कोनशिलेने? वर्षातून एकदा घातलेल्या हाराने? की ज्यांनी तो लढा दिला त्यांनी, त्यांच्या लेकीसुनांनी, नातवंडांनी एकत्र बसून, हाताला येईल त्या सामानातून काही घडवून?

कलेच्या जगात या शेवटच्या प्रकाराला मांडणशिल्प म्हणतात. एखाद्या जागेत वस्तू, कापड, माती, अक्षरं, आवाज अशा रचायच्या की आत शिरणाऱ्याशी ती अख्खी जागा बोलू लागते. मुंबईच्या कलादालनांत अशी कामं होतात, कोचीच्या बिएनालेत होतात, ती बघायला माणसं लांबून जातात. अवश्य जावं. पण माझ्या मते कोकणातलं सर्वांत थोर मांडणशिल्प कुठल्याही दालनात झालं नाही. ते महाडला झालं, १९२७ च्या डिसेंबरात. आणि ते करणाऱ्यांपैकी एकानेही स्वतःला कलावंत म्हणवलं नव्हतं.

प्रसंग तुम्हांला माहीत आहे. तरी मी तो जरा वेगळ्या बाजूने सांगणार आहे. पुढाऱ्यांच्या भाषणांच्या बाजूने नाही, सामानाच्या बाजूने.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडला पहिली परिषद भरली. सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला होता, त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. कागदावर. प्रत्यक्षात परिषदेला आलेल्या माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात भरलेलं तळं आणि मांडवात विकतचं पाणी! २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यामागून ती सगळी माणसं तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. नंतर गावातल्या सनातन्यांनी काय केलं? तळ्यातून १०८ घागरी पाणी काढलं, मातीच्या घागरींत दही, दूध, शेण, गोमूत्र भरलं आणि मंत्रघोषात त्या तळ्यात बुडवल्या. म्हणे तळं शुद्ध झालं.

त्या १०८ घागरी जरा लक्षात ठेवा. मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. मांडवासाठी जागा कोण देणार? गावात कोणी देईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. बाजारातून सामान मिळेना, म्हणून ते बाहेरून आणून साठवलं. मुंबईहून यायचं तर धरमतरच्या बाजूने मोटारी होत्या, पण मोटारवाल्यांनी ऐनवेळी नकार दिला तर? म्हणून बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदराला उतरले. तिथून महाड पाच मैल, कोणी नेलं नाही तर चालत जाता येईल असा हिशेब. जयगडच्या श्रोत्यांना या हिशेबाचं मोल वेगळं सांगायला नको. बोटीच्या दिवसांत बंदरावर उतरून पुढचे मैल पायांनी तोडणं काय असतं, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

आणि मांडवात काय रचलं होतं? दीड फूट लांबीरुंदीचा, सहा इंच खोल चौकोनी खड्डा. त्यात चंदनाचे तुकडे. चार कोपऱ्यांना चार खांब. तीन बाजूंना फलक: एकावर ही मनुस्मृतीची दहनभूमी असल्याचं लिहिलेलं, बाकीच्या दोहोंवर अस्पृश्यता आणि ब्राह्मण्य नष्ट करण्याची हाक. ती वेदी सिद्ध करायला माणसं दोन दिवस खपत होती. आख्ख्या मांडवात छायाचित्र एकच, गांधींचं. २५ डिसेंबरच्या रात्री त्या खड्ड्यात मनुस्मृती जाळली.

आता मला सांगा, हे नुसतं आंदोलन होतं का? पुस्तक जाळायचं तर ते चुलीतही जाळता येतं. चंदन कशाला? वेदीचं माप कशाला? चार खांब कशाला? कारण त्या माणसांना कळलं होतं की ज्या यज्ञाच्या रूपाने त्यांना शतकानुशतकं बाहेर उभं केलं, तेच रूप हातात घ्यायचं आणि त्याचा अर्थ उलटा करायचा. यज्ञकुंड त्यांनी स्वतः खणलं. फलक स्वतः रंगवले. सामान वाहून आणलं. ज्याला वेदीजवळ फिरकायला बंदी, त्याने वेदी बांधली. जगातल्या कुठल्याही मोठ्या कलासंग्रहालयाने हे काम आपल्या इतिहासात पहिल्या पानावर घ्यावं इतकं ते थोर आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आणि गोष्ट तिथे संपली नाही. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी बोलले. जातीची खूण पटवणारी राहणी सोडा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी बायकांनी नेसण बदललं, आणि नव्या पद्धतीने नेसायला शिकवायला पुढे आल्या त्या चित्रे आणि टिपणीस या घरांतल्या स्त्रिया. एक जण नेसवते आहे, दुसरी निऱ्या धरते आहे, तिसरी बघून शिकते आहे. शेकडो अंगांवर एकदम उमटलेला निषेध! याची नोंद इतिहासात होते ती समाजसुधारणेच्या प्रकरणात. मी ती कलेच्या प्रकरणातही करेन.

म्हणून आजच्या व्याख्यानातला पहिला मुद्दा हा: मांडव कोणी घातला? आपण स्मारक करतो ते भाषण करणाऱ्याचं. ते व्हायलाच हवं. पण ज्याने खड्डा खणला, जिने निऱ्या धरल्या, ज्याने जागा दिली, त्यांचं काय? त्यांचा पुतळा करता येत नाही, चेहरेच ठाऊक नाहीत. त्यांचं स्मारक एकाच रीतीने होऊ शकतं. ते करत होते ते काम आपण पुन्हा हाताने करायचं.

दुसरा मुद्दा सामानाचा. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे.

१९८३ च्या सप्टेंबरात दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स इथे एक विलक्षण गोष्ट घडली. तिथे लष्कराची राजवट होती. तिने हजारो तरुणांना घरांतून उचललं आणि ते परत आलेच नाहीत. माणूस जिवंत आहे की मेला, प्रेत कुठे आहे, काहीही सांगायचं नाही. त्या मुलांच्या आया दर आठवड्याला राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात डोक्याला पांढरं फडकं बांधून फेऱ्या घालत. तीन चित्रकार त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, बेपत्ता झालेली सगळी माणसं आपण या चौकात उभी करू. कशी? कागद अंथरायचा, त्यावर मोर्च्याला आलेल्या कोणीही आडवं व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या अंगाभोवती रेघ ओढायची, तो आकार कापून किंवा रंगवून भिंतीवर चिकटवायचा. २१ सप्टेंबरला काम सुरू झालं आणि थोड्या वेळात चित्रकारांची गरजच उरली नाही. लोकांनी ते हातात घेतलं. उचललेल्यांत गरोदर बायका होत्या, म्हणून पोटाशी उशी धरून रेघ ओढली. तान्ह्या बाळांचे आकार काढले. आकार कोरे ठेवायचे ठरलं होतं, लोकांनी आपल्या माणसांची नावं आणि तारखा लिहिल्या.

त्यात आयांनी घातलेली एक अट होती. हे आकार जमिनीवर ठेवायचे नाहीत, भिंतींवर उभे चिकटवायचे. कारण आडवा आकार म्हणजे प्रेत. आमची मुलं मेली असं आम्हांला कोणी सांगितलेलं नाही, ती आम्हांला परत हवी आहेत! त्या एका अटीत जेवढी कलेची समज आहे, तेवढी कित्येक पुस्तकांत नसते. आकार आडवा की उभा, एवढ्यावर सगळा अर्थ फिरतो, हे त्या आयांना कळलं. चित्रकारांनी ते ऐकलं, हा त्यांचा मोठेपणा.

हे मी जयगडात का सांगतो आहे? कारण आपल्या जिल्ह्याच्या सड्यावर, उघड्या पठारावर, माणसाचे आकार कोरलेले आहेत. जांभ्या खडकात, हजारो वर्षांपूर्वी. उक्षीचा हत्ती, जांभरुणची चित्रं, कशेळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी, बारसू. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे तुडवून ही कातळशिल्पं उजेडात आणली. २०२२ साली त्यांतल्या काहींची नावं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. बारसूच्या सड्यावर एक माणूस आहे, दोन्ही बाजूंना वाघासारखी जनावरं आणि मधे तो. त्याच बारसूत २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा राजापूर तालुक्यातल्या बायका उन्हाने भाजलेल्या जमिनीवर पोलिसांच्या गाड्यांपुढे आडव्या झाल्या. अश्रुधूर झाला, धरपकड झाली, अनेकांवर गुन्हे दाखल झाले.

रिफायनरी हवी की नको, यावर या सभागृहात दोन मतं असतील. इथेच जवळ बंदर आहे, वीजप्रकल्प आहे, त्यावर अनेक घरं चालतात, आणि त्यामुळे ज्यांचं नुकसान झालं तीही घरं इथलीच. माझं मत मी लपवत नाही. ज्यांची जमीन आहे त्यांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, या मताचा मी आहे. पण आज मुद्दा दुसरा आहे. कोरलेला माणूस आणि आडवी झालेली बाई एकाच सड्यावर आहेत. एक आकार दगडात आहे म्हणून आपण तो वारसा म्हणून जपतो. उक्षीला तर गावाने हत्तीभोवती जांभ्याचा कठडा घातला, फार चांगलं केलं. दुसरा आकार पोलीस निघून गेल्यावर पुसला गेला. त्याचा वारसा कोणी जपायचा?

ब्युनोस आयर्ससारखं कोणी तिथे कागद घेऊन जावं, असं मी सुचवत नाही. उसनं रूप आणून लावलं की ते परकंच दिसतं. आपलं सामान आपल्याकडे आहे. चिरा आहे. सुंभ आहे. जाळं आहे. नारळाचे झाप आहेत. जाळ्याचं उदाहरण घ्या. ते विणणारे हात, दुरुस्त करणारे हात आणि ओढणारे हात वेगळे असतात, आणि फाटलं तर एकट्याने ते सांधायला दिवस जातात. दर्यावर जाणाऱ्या माणसांनी आपल्या लढ्याचं काही करायचं ठरवलं तर ब्राँझच्या पुतळ्यापेक्षा जाळं अधिक खरं बोलेल. सामान ज्यांच्या रोजच्या हातातलं, ते काम त्यांचं. सामान बाहेरून मागवलं की काम कंत्राटदाराचं होतं.

१९८७ साली अमेरिकेत एड्सने गेलेल्या माणसांच्या नातेवाइकांनी आणि मित्रांनी हेच केलं. सरकार त्या रोगाचं नाव घ्यायला कित्येक वर्षं तयार नव्हतं. लोकांनी कापडाचे तुकडे शिवले, एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे एका माणसाच्या कबरीएवढा, आणि त्यावर गेलेल्याचं नाव. ऑक्टोबरात राजधानीतल्या मोठ्या मैदानावर असे १,९२० तुकडे जोडून अंथरले. आपल्या बायका ते कापड बघतील तर लगेच ओळखतील, ही गोधडी आहे! गेलेल्या माणसाच्या धोतराची, लुगड्याची गोधडी आपल्याकडे घराघरात शिवली आहे. फरक एवढाच की ती आपण कपाटात ठेवली आणि त्यांनी ती राष्ट्राध्यक्षाच्या दारापुढच्या मैदानात पसरली.

आता तिसरा मुद्दा. स्मारक टिकलं पाहिजे का?

प्रश्न विचित्र वाटेल. पण विचार करा. लोकमान्य टिळक आपल्या रत्नागिरीचे. १८९३ च्या सुमारास पुण्या-मुंबईत गणेशोत्सव सार्वजनिक झाला, आणि त्याबरोबर मेळे आले, देखावे आले. गल्लीतली पोरं, सुतार, रंगारी, शिंपी, मास्तर एकत्र येऊन महिनाभर राबतात, दहा दिवस काहीतरी उभं करतात आणि अकराव्या दिवशी मोडतात. त्या मेळ्यांच्या गाण्यांना इंग्रज सरकार इतकं बिचकलं की १९१० च्या सुमारास त्यांच्यावर बंधनं आणली. देखाव्यांचंही तसंच. २०२२ साली कल्याणमधल्या एका मंडळाने राज्यातल्या पक्षफुटीवर देखावा केला, तर पोलिसांनी सामान उचलून नेलं. दहा दिवसांत मोडणाऱ्या गोष्टीला सरकार घाबरतं आणि शंभर वर्षं टिकणाऱ्या पुतळ्याला स्वतःहून पैसे देतं. हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

आपल्याला तर मोडून पुन्हा करण्याची सवय आहे. घरातल्या गणपतीवर दरवर्षी माटवी बांधतो, रानातून कवंडळं, कांगण्या, तेरडा आणून. शिमग्याला झाड तोडून खांद्यावरून नाचवत आणतो, उभं करतो, जाळतो. मागल्या वर्षीचं कोणी जपून ठेवत नाही. मग रीत कशी टिकली? करण्यातून टिकली. गाठ कशी मारायची हे आजोबाने नातवाला दाखवलं म्हणून टिकली. दगडाने रीत टिकत नाही.

याचा अर्थ पक्की स्मारकं नकोत असा नाही. मुंबईला हुतात्मा चौकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्या १०५ जणांच्या स्मरणार्थ. त्या १०५ जणांच्या मागे उभ्या राहिलेल्या गिरणगावात कोकणातली किती घरं होती! ते शिल्प तिथे असलंच पाहिजे. गुजरातेत दांडीला २०१९ साली मिठाच्या सत्याग्रहाचं राष्ट्रीय स्मारक झालं, त्याची आखणी मुंबईच्या आयआयटीने केली. गांधींचा मोठा पुतळा आपल्या सदाशिव साठ्यांचा आणि मागे ऐंशी पदयात्री, देशविदेशांतल्या चाळीस शिल्पकारांनी केलेले. एकाच हाताचं काम नाही, ही त्यातली मोलाची गोष्ट. पण मला त्या स्मारकात सर्वांत जास्त काय भावतं? तिथे येणाऱ्याला खारं पाणी आटवून चिमूटभर मीठ करता येतं आणि घरी नेता येतं. पुतळ्यासमोर माणूस फोटो काढतो. मिठासमोर त्याला थांबावं लागतं, वाफ जायची वाट बघावी लागते.

मीठ आपल्याकडेही उचललं होतं. शिरोड्याला, १९३० च्या मे महिन्यात. तेव्हा शिरोडा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. मिठागरांवर सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या. आपल्या किती शाळांतल्या मुलांना ते माहीत आहे? दांडी माहीत आहे, शिरोडा नाही. आणि खोतीचं, कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनाचं, काय? बाबासाहेबांनी १९३७ च्या सप्टेंबरात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३८ च्या १० जानेवारीला मुंबईच्या कायदेमंडळावर हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा गेला, त्यात आपल्या जिल्ह्यातले कुळवाडी होते, महार होते, मराठे होते. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. या सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या सातबाऱ्यावर आज स्वतःचं नाव आहे ते त्या लढ्यामुळे. त्या मोर्च्याची एखादी खूण, एखादा चिरा तरी आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत आहे का?

खाडीपलीकडे तवसाळला उतरून गुहागरकडे निघालं की पुढे अंजनवेल, वेलदूर. एन्रॉनचा प्रकल्प तिथला. १९९७ च्या जूनमध्ये पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमारांच्या घरांत शिरले, बायकांना ओढून बाहेर काढलं, मारलं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्यावर अहवाल लिहिला, जगभर तो वाचला गेला. चार वर्षांत प्रकल्प बंद पडला आणि २००१ संपायच्या आत ती अमेरिकन कंपनीच दिवाळखोर झाली. दक्षिणेला माडबन. अणुवीज प्रकल्पाला जमीन द्यायला नकार देणाऱ्या लोकांनी सुरुवातीला भरपाईचे धनादेश घेतले नाहीत. २०११ च्या एप्रिलमध्ये नाट्याला गोळीबार झाला, एक तरुण मच्छीमार गेला. जयगडच्या उत्तरेला एक लढा आणि दक्षिणेला एक. दोन्हींची स्मृती अहवालांत आहे, वर्तमानपत्रांच्या कात्रणांत आहे, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहे. हातांत नाही.

इथे एका धोक्याबद्दल बोललं पाहिजे. लढ्याचा उत्सव केला की लढा मऊ होतो. फुगे, फिती, उद्घाटन, पाहुण्यांचा सत्कार, आणि ज्यांनी मार खाल्ला ती माणसं मागच्या रांगेत. शहरातले कलावंत गावात येतात, चार दिवस राहतात, गावकऱ्यांचे हात रंगात बुडवून भिंतीवर उमटवतात, छायाचित्रं काढतात आणि जातात. भिंत गावात राहते आणि नाव कलावंताचं होतं. असं सहकार्य मला मान्य नाही. मी कलावंतांच्या विरुद्ध बोलत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा प्रभाकर पाचपुते कोळशाच्या खाणींजवळ वाढला, त्याने खाणकामगारांची आणि शेतकऱ्यांची जी चित्रं कोळशाने काढली ती बघताना अंगावर काटा येतो. पण ते काम त्याचं आहे, त्यावर सही त्याची, आणि तो तसं प्रामाणिकपणे सांगतो. अडचण होते ती सही एकाची आणि राबणं सगळ्यांचं, अशी वाटणी झाली की.

दुसरा धोका याहून मोठा आहे. ‘आपण सगळे’ म्हणताना कोण कोण सुटतं? वाड्यांची नावं घ्या. खारवीवाडी, भंडारवाडी, कुणबीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला. गावाचं स्मारक म्हणताना बैठक देवळात घेतली तर मोहल्ल्यातलं कोण येईल? संध्याकाळी सातला घेतली तर बायका कशा येतील, त्या वेळी भाकऱ्या कोणी थापायच्या? चाकरमान्यांच्या सोयीने मे महिन्यात ठेवलं तर दर्यावर असलेली माणसं कुठे असतील? हे प्रश्न कलेचेच आहेत. फत्तेखानने जागा दिली नसती तर ती वेदी कुठे खणली असती? जागा कुणाची, वेळ कुणाच्या सोयीची, चहा कोणी केला, नावं कोणत्या क्रमाने लिहिली, यावरून काम कुणाचं ते ठरतं. यावर भांडणं होतील. होऊ द्या. कोणी भांडलंच नाही असं सामुदायिक काम मला संशयास्पद वाटतं, त्यात एकानेच सगळं ठरवलेलं असतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या सीमांवर बसलेल्या शेतकऱ्यांनी देशभरातल्या गावांतून मूठमूठ माती मागवली आणि आंदोलनात गेलेल्यांची स्मारकं त्या मातीतून उभारली. कुठल्या गावची माती वरची, कुठली खालची, असा प्रश्न तिथे आला नाही, कारण माती मिसळते. मला वाटतं, आपल्याकडे पाणी आहे.

आता त्या १०८ घागरी.

२० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं पूर्ण होतात. महाडला मोठा कार्यक्रम होईल, लाखो लोक जातील, आपणही जाऊ. पण माझी सूचना जयगड परिसरासाठी आहे. या पंचक्रोशीत जेवढ्या वाड्या, तेवढ्या विहिरी, आणि त्या विहिरींना जात होती हे आपल्याला चांगलं माहीत आहे. कोणती विहीर कुणाची, कुणी कुठून पाणी वर काढायचं, कुणी लांब उभं राहून ओतून मिळण्याची वाट बघायची, हे सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून आधी ते ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं. शाळेतल्या मुलांनी हे काम करावं, त्यांना म्हातारी माणसं खरं सांगतात. मग प्रत्येक वाडीने आपल्या विहिरीची एक मातीची घागर भरायची. घागरीवर विहिरीचं नाव आणि तिथे पाणी भरायला कुणाला मनाई होती, ते वाडीनेच लिहायचं. लपवायचं नाही. १०८ घागरी जमल्या पाहिजेत. त्या गावात आणायच्या आणि एका रांगेत मांडायच्या, मोहल्ल्याची बौद्धवाडीच्या शेजारी, देवळाची खारवीवाडीच्या शेजारी, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवायच्या. आणि मग ते पाणी प्यायचं. कोणीही, कुठल्याही घागरीतलं. १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ केलं होतं, त्याला १०८ घागरींनीच उत्तर द्यायचं.

दुसऱ्या दिवशी घागरी परत जातील, रोजच्या वापराला. पुढल्या वर्षी पुन्हा आणायच्या. फुटल्या तर कुंभाराकडून नव्या घ्यायच्या.

काही अडचणी मला आताच दिसतात. किती तरी विहिरी आता बुजल्या आहेत, काहींच्या तळाशी प्लास्टिक आहे, अनेक घरं नळावर आणि बोअरवेलवर आहेत. ज्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं उरलेलं नाही तिची घागर रिकामी आणायची का? मला वाटतं, आणायची, आणि पाणी का गेलं तेही तिच्यावर लिहायचं. एखाद्या वाडीने ‘आमच्या विहिरीवर कधी मनाई नव्हतीच’ असं लिहिलं आणि शेजारच्या वाडीने ते खोटं ठरवलं तर? मग दोन्ही मजकूर लिहायचे. एखाद्या घराने दुसऱ्या घागरीतलं पाणी प्यायला नकार दिला तर? त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही, पण रांगेतली त्याची जागा तशीच ठेवायची. कुंभारवाड्यातून १०८ घागरी एका हंगामात मिळतील का, हे मला ठाऊक नाही. कुंभार मंडळींना विचारायला हवं, आणि तेही आधी, शेवटच्या आठवड्यात नाही.

फेरीबोटीने खाडी ओलांडून आलेल्या तवसाळच्या मंडळींची शेवटची बोट चुकू नये म्हणून मी इथे थांबतो. पण ज्यांना थांबता येईल त्यांनी दहा मिनिटं थांबावं. आपापल्या वाडीतल्या विहिरींची नावं या वहीत लिहून द्यावीत. वही दाराशी टेबलावर ठेवली आहे, पेन बांधलेलं आहे.